नमुना: एक कप कॉफी

खैरनारसर, तुमच्या नावाने ऑफिसात कॉफीचं मशीन बसलंय.

तुम्हाला जाऊन अजून पंधरा दिवसही झाले नाहीत. पुढच्या हॉलमध्ये, जिथे शेतकरी मातीच्या पिशव्या मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसतात, तिथे भिंतीला टेबल लावलंय. टेबलावर मशीन, मशीनच्या वर तुमचा फोटो, फोटोला चंदनी हार, आणि खाली छापील पाटी: 'कै. खैरनार सर स्मृती कॉफी कॉर्नर'. बटण दाबलं की ते आधी घरघरतं, मग खाकरतं, आणि मग कागदी कपात फेसाळ, गोडमिट्ट, कोमट असं काहीतरी टाकतं. हे बघितलं असतंत तर तुम्ही दुसऱ्यांदा गेला असतात.

कल्पना मॅनेजरसाहेबांची, हे सांगायला नकोच. शोकसभेत ते उभे राहिले आणि मोबाइलमध्ये बघून म्हणाले, "खैरनार सर कॉफीचे मोठे शौकीन होते. आपल्या हाताने सगळ्यांना कॉफी पाजण्यात त्यांना फार आनंद वाटायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकेकाचं तोंड बघत होते. सगळ्यांना? पाजायचे? अठरा वर्षांत या लॅबमधल्या एका माणसाच्या घशाखाली तुमच्या कॉफीचा थेंब गेलेला नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथे तर म्हैस जिवंतपणी कोणाला जवळही येऊ देत नव्हती. हे साहेब तुमच्याबरोबर आठ महिने होते आणि त्या आठ महिन्यांत तुम्ही माती तपासता की पाणी, हेही त्यांना धड कळलं नव्हतं.

तर मी तुमची स्तुती करायला बसलेली नाही. ते काम मशीन करतंय. खरं सांगायचं तर अकरा वर्षं मी तुम्हाला मनातून तुच्छ मानत आले. त्याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते तुमच्या निवृत्तीच्या समारंभात, तुमच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ असताना, माइक हातात घेऊन सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा पाठ होतं. दोनच महिने राहिले होते, पण तेवढा धीर धरतील ते खैरनारसर कसले.

तुमचा तो कप आठवला की आजही माझं डोकं फिरतं. सकाळी बरोबर सव्वाअकरा वाजता तुम्ही हातातलं काम ठेवायचात. बाहेर दिंडोरीचा शेतकरी पाण्याची बाटली घेऊन तिष्ठत असो, नाहीतर खुद्द मालक आलेले असोत. कपाटातून ते काचेचं नरसाळं निघायचं, त्याला तुम्ही लाल दोरा बांधून ठेवला होता, का तर ते चुकून कोणी मातीच्या अर्कासाठी वापरू नये. मग लॅबचाच फिल्टर पेपर घडी घालून नरसाळ्यात. तो आधी गरम पाण्याने धुवायचा आणि ते पाणी फेकायचं, नाहीतर म्हणे कॉफीला कागदाचा वास येतो. मग तराजूवर बारा ग्रॅम पूड. तपासणीला आलेल्या द्राक्षपानांच्या देठांची पावडर तोलताना तुमचा हात जितका जपून चालायचा, तितकाच इथे. पाणी उकळायचं, थर्मामीटर घालून ब्याण्णववर उतरेपर्यंत थांबायचं, आणि मग पुडीवर अगदी जरासं ओतून पुन्हा थांबायचं.

"फुगू द्या तिला," असं तुम्ही कोणालाही उद्देशून न म्हणता म्हणायचात. पूड ओली होऊन वर यायची, तिला बुडबुडे यायचे, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत उभे. तेवढा वेळ तुमच्याशी बोलायचं नाही, फोन द्यायचा नाही, सही मागायची नाही. मग बारीक धार, गोल गोल. खाली पांढऱ्या कपात एका माणसापुरती काळी कॉफी जमायची. दूध नाही, साखर नाही. पेठकडचे एक बाबा एकदा दारातून बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "साहेबांना पोटाचं काही दुखणं हाय का? काढा घेतेत रोज?"

मी एकदाच विचारलं होतं, नोकरीला लागले त्या वर्षी. "सर, दोन कप केले तर काय बिघडतं?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "बाई, एक कप करता येतो. दोन कप म्हणजे स्वयंपाक." आणि पाठ फिरवलीत. त्यानंतर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही.

पूड कुठली, तर देवळाली कॅम्पातली. बाजारात एक जुनं दुकान आहे, दक्षिणेकडची फौजी कुटुंबं तिथून कॉफी नेतात. तुम्ही महिन्यातून एका रविवारी बस पकडून जायचात, समोर उभं राहून दळून घ्यायचात आणि दुकानदाराला दरवेळी बजावायचात की चिकोरीचा, म्हणजे भेसळीच्या त्या भाजक्या मुळाच्या पुडीचा, कणही पडता कामा नये. हे सगळं तुम्हीच मोठ्या अभिमानाने सांगायचात. कांद्याच्या जिल्ह्यातला माणूस, पण नाकाने कांदे सोलण्यात तुमचा हात कोणी धरला नसता.

आणि माझा चहा. ऑफिसातल्या पंधरा जणांचा चहा मी करायचे. ते माझं काम नव्हतं. मी काउंटरवर नमुने घेणार, त्यांना नंबर देणार, अहवाल टाइप करणार. पण बाहेरचा चहा कोणाला सोसत नव्हता म्हणून मी आपणहून करायचे, आलं घालून, दूध आटवून. थंडीत वणीकडून मोटरसायकलवर आलेल्या शेतकऱ्यालाही अर्धा कप मिळायचा. एकदा हॉलमध्ये सात-आठ बागायतदार बसलेले, मी ट्रे घेऊन आले, आणि तुम्ही आतून बाहेर येता येता कपात डोकावून म्हणालात, "बाई, हे प्यायला कशाला देता? बागेवर मारा, भुरी जाईल."

सगळा हॉल हसला. भुरी म्हणजे द्राक्षावर पडणारा तो पांढरा रोग, त्यावर कायकाय फवारतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत. एकाने तर हसता हसता कप खाली ठेवला. मी म्हटलं, "तुम्ही पिऊन तर बघा." तुम्ही म्हणालात, "मला चव आहे, हीच माझी अडचण. गाढवाला गुळाची चव काय, ते सुखी असतं." इतकं बोलून आत गेलात. ट्रे तसाच हातात धरून मी किती वेळ उभी होते ते मला आठवत नाही. घरी जाऊन मात्र रडले होते, हे आज सांगायला हरकत नाही.

आपल्या लॅबमध्ये आंधळ्या नमुन्याची पद्धत आहे. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी माती किंवा पाणी दुसऱ्याच नावाने बाकीच्या नमुन्यांत घुसवायचं आणि तपासणाऱ्याचा निकाल बरोबर येतो का बघायचं. हे काम तुम्हीच माझ्याकडे दिलं होतंत. "बाईंचा चेहरा दगडाचा आहे, त्यावरून काही कळत नाही," असं तेव्हाच्या मॅनेजरांना सांगून. तेव्हापासून दर सोमवारी मी एक शेतकरी जन्माला घालायचे. नाव, गाव, गट नंबर, सगळं खोटं. आणि तुम्ही दुपारच्या आत त्याची चिठ्ठी माझ्या काउंटरवर आणून टाकायचात. "हा तुमचा बाळकृष्ण रामभाऊ, बाई. ह्याची जमीन दोन नंबरच्या कपाटात आहे." एकदाही चुकला नाहीत. मला त्याचा रागही यायचा आणि सोमवारची वाटही बघायचे.

भुरीच्या त्या प्रसंगानंतर मी तुमच्या डब्यात आंधळा नमुना घातला. माझी नणंद देवळाली कॅम्पातच राहते. तिच्याकरवी त्याच दुकानातून सगळ्यात हलकी पूड आणवली, निम्मी चिकोरी. वर ती आमच्या घरी ओट्यावर पावसाळाभर उघडी ठेवली, चांगली सर्दावेपर्यंत. मग एका सकाळी तुमच्या आधी येऊन तुमची पूड काढून घेतली आणि ही भरली. रंग तोच, डबा तोच.

सव्वाअकराला तुम्ही नरसाळं काढलंत. मी दारात अहवालांचा गठ्ठा घेऊन उभी. बारा ग्रॅम, ब्याण्णव, फुगू द्या, सगळं यथासांग. पहिला घोट घेतलात. मी तुमच्या तोंडाकडे बघत. तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत, दुसरा घोट घेतलात आणि म्हणालात, "वा."

वा! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, डबा संपेपर्यंत. जवळजवळ महिनाभर तुम्ही ती घाण मिटक्या मारत प्यायलात आणि तिच्यासाठी रोज बारा ग्रॅम तोललेत. त्या दिवसापासून तुमच्याबद्दलचा माझा आदर संपला. गावोगावचं पाणी जिभेवर ओळखणारा हा माणूस, आणि स्वतःच्या कपात काय आहे ते कळत नाही. गाढवाला गुळाची चव काय! हेच ते वाक्य. अकरा वर्षं ते मी तुमच्यासाठी जपून ठेवलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत की मी मनातल्या मनात ते म्हणायचे आणि मला शांत झोप लागायची.

माझ्या नोकरीवर बेतलं होतं तेव्हाही मी ते सोडलं नाही. वणीच्या दोन चुलतभावांच्या विहिरींचं पाणी आलं होतं. आडनाव एक, गाव एक. माझ्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. खारट विहिरीला गोड ठरवणारा अहवाल टाइप होऊन पाकिटात गेलासुद्धा, आणि त्या भरवशावर तो माणूस नवी बाग लावणार होता. तुम्ही पाकिटं परत मागवलीत. "त्या शिवारात असं पाणी निघत नाही," एवढंच म्हणून दोन्ही बाटल्या पुन्हा तपासायला घेतल्यात, दुपारचा डबा न उघडता. मी तोंडाला पदर लावून बाजूला उभी. काम झाल्यावर तुम्ही नवे अहवाल माझ्यापुढे टाकलेत. "दोन बाटल्या सांभाळता येत नाहीत आणि चहा पंधरा जणांचा करायला निघतात." पण मॅनेजरांना तुम्ही त्यातलं अक्षर सांगितलं नाहीत. ना त्या दिवशी, ना कधी. मी आभार मानायला हवे होते. मी मनात म्हटलं, विहिरीतलं ओळखता, कपातलं ओळखा आधी.

आणि आपला तो पाण्याचा वाद. माझं म्हणणं साधं होतं. एवढे नखरे करता, तर कॉफीला नळाचं पाणी का वापरता? शेजारी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन भरलेला असतो, त्याहून शुद्ध काय आहे? तुम्ही म्हणायचात, "शुद्ध म्हणजे चांगलं नव्हे, बाई. त्या पाण्यात काहीच नाही, त्याला चव धरता येत नाही. आपलं धरणाचं पाणी बरं." मी म्हणायचे, "एकदा करून तर बघा." तुमचं उत्तर ठरलेलं: "जे माहीत आहे त्याची चाचणी कशाला?" जन्मभर दुसऱ्याच्या मातीची चाचणी करणारा माणूस हे बोलतो! हा वाद आपण किती वेळा घातला असेल. शेवटचा तर तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. चिडलात की तुमची सटाण्याकडची भाषा बाहेर यायची. "काय शे हे बाई, रोज तेच!" म्हणालात आणि नरसाळं घेऊन पाठमोरे झालात. तुमचं माझ्याशी तेच शेवटचं बोलणं.

काल वहिनी आल्या होत्या, तुमच्या कपाटाची किल्ली परत द्यायला. मॅनेजरसाहेबांनी त्यांना आधी मशीनपाशी उभं केलं, फोटो काढला आणि कागदी कप हातात दिला. वहिनींनी एक घोट घेतला, कप टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे आल्या. मी त्यांना आत तुमच्या टेबलापाशी बसवलं. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आपल्याच लॅबचं.

"ताई, हे तुमच्यासाठी शे. घरच्या कपाटात होतं. वर तुमचं नाव घातलेलं, म्हणून मी फोडलं नाय."

आत पाणी परीक्षणाचा आपला छापील अहवाल होता, जुन्या नमुन्यातला, जो आपण कधीच बंद केला. तुमच्या अक्षरात भरलेला. नमुन्याचा प्रकार: कॉफी. नमुना आणणाऱ्याचे नाव: शिरसाठबाई. रंग: बरोबर. वास: ओट्याचा. घटक: चिकोरी निम्मी, उरलेला पावसाळा. आणि खाली, जिथे आपण खाऱ्या विहिरींना शिक्का मारतो तिथे, ठसठशीत: पिण्यास अयोग्य.

मी ते तीनदा वाचलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"तो महिना मला आठवतो," त्या म्हणाल्या. "घरी आले की चप्पल काढायच्या आधी कॉफी करायला घ्यायचे. मी म्हटलं, ऑफिसात पिऊन येता ना? तर म्हणे, तिथं बाईंनी माझ्या डब्यात नमुना घातलाय. मी म्हटलं, मग फेकून द्या. तर म्हणे, फेकला तर त्या जिंकल्या. त्यांचाच चेहरा दगडाचा हाय काय? मलाबी ठेवता येतो."

"मग सांगितलं का नाही मला?"

"रिटायर व्हायच्या दिवशी हे पाकीट द्यायचं होतं तुम्हाला. किती वर्षं जपलं त्यांनी." वहिनींनी पिशवी बंद केली. "त्या दिवशीचा कपही तुम्हाला करून देणार होते. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणे, दोन कप केले म्हणजे स्वयंपाक. त्या दिवशी मी तसाच राहीन."

मी उठून खिडकीशी गेले. वहिनींना काय वाटलं कोण जाणे. त्या निघाल्या तेव्हा मी त्यांच्या पाया पडले, आणि आम्ही दोघी एवढंच म्हणालो की येत जा.

सर, तुम्ही किती हलकट माणूस होतात. महिनाभर ती घाण गिळलीत, वर वा म्हणालात, आणि मला अकरा वर्षं गाढव बनवून समोर बसलात. मी चष्म्यापलीकडच्या माणसाला हसत होते आणि चष्म्यापलीकडचा माणूस मला. ट्रे हातात घेऊन मी त्या दिवशी का गोठले होते, तेही तुम्हाला कळलं असणार. म्हणून तर शिक्षा भोगावी तशी रोज सव्वाअकराला तुम्ही ती प्यायलात, असं मला आता वाटतं. माफी मागणं तुमच्या बापजन्मी जमलं नसतं. मलाही आभार मानणं जमलं नाही. आपण दोघंही त्या एका दिवसाच्या भरवशावर राहिलो.

आज सकाळी मी तुमचा फोटो मशीनवरून उतरवला. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "बाई, फोटो कुठे गेला?" मी म्हटलं, "काच पुसायला घेतलाय." त्यांना माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. फोटो आता आत तुमच्या टेबलावर, भिंतीला टेकून आहे, हार काढून.

सव्वाअकराला मी लाल दोऱ्याचं नरसाळं काढलं. डब्यात तुमची पूड जेमतेम एका कपाची उरली होती, तराजूवर साडेअकरा ग्रॅम भरली. कागद धुतला. आणि पाणी घेताना माझा हात डिस्टिल्डच्या कॅनकडे गेला. चुकून नाही, मुद्दाम. अठरा वर्षांचा वाद होता आणि आज अडवायला तुम्ही नव्हतात. निदान एक गोष्ट माझी खरी निघावी, एवढंच मला हवं होतं. ब्याण्णवपर्यंत थांबले. फुगू दिली. बारीक धार सोडली, गोल गोल.

मग तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि पहिला घोट घेतला. पोकळ. वर जराशी आंबट आणि मागे काहीच नाही. तुमची शेवटची पूड मी वाया घालवली होती.

तुम्ही फोटोतून चष्म्यावरून बघत होतात. मी म्हटलं, "वा." आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, चेहरा हलू न देता.